पित्त म्हणायची ती

आमच्या मंडळींना, म्हंजी बायकोला, सगळ्याचं पित्तच व्हायचं. अंथरुणात कूस बदलली आन् घर गरगर फिरलं, तर पित्त. गाईंना घास कापून उठली आन् डोळ्यांपुढं अंधार आला, तरी पित्तच. लिंबू-साखर प्यायची आन् परत कामाला लागायची.

गावातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, घर फिरतं ते कानामुळं. त्यानं तिची मान इकडंतिकडं वळवली, फरक पडला. अंधार येतो तेबी तसलंच असेल असं आमी धरून चाललो.

नगरच्या दवाखान्यात नेली तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "बाबा, ही चक्कर वेगळी. हिच्यात घर फिरत नाही, माणूस विझल्यासारखं होतं. हृदयाचे ठोके चुकतात, डोक्याला रक्त कमी पडतं."

खाटेवरून ती मला हळूच म्हणाली, "आवं, त्यान्ला म्हनावं पित्ताचं बी औषध द्या."

डॉक्टर हसले. मीबी हसलो. त्याच खाटेवर ती गेली.

आता घास मीच कापतो. परवा विळा घेऊन उठलो आन् सगळं काळं झालं. छातीत मासा फडफडावा तसं झालं. बांधावर बसलो. भ्या वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. माहेरी आलेल्या लेकीनं बघितलं.

"काय झालं, आण्णा?"

"पित्त."

ती चिडली. "आईचं पित्त आता तुमी सांभाळनार व्हय?"

दुसऱ्या दिवशी एसटीत घालून तिनं मला त्याच डॉक्टरांपुढं बसवलं.

"काय होतंय, बाबा?"

तोंडावर 'पित्त' हाच शब्द आला होता. लेक पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत भिंतीकडं बघत होती. मला जगायचं का नाही, हे काही मी ठरवलेलं नव्हतं. पण तिला परत त्या खाटेजवळ उभी करायची नव्हती.

म्हणालो, "घर फिरत न्हाई. उठलो की अंधार येतो. छाती फडफडते."

मला उघडा निजवला, हातापायांना गार चिमटे लावले, ठोक्यांची कागदी पट्टी काढली. ठोके अडखळत होते.

आता रोज सकाळी गोळी घेतो. घास कापून एकदम उठत नाही, जरा बसतो.

लेक सासरहून फोन करते. "आण्णा, पित्त कसंय?"

"तुझ्या आईनं नेलं."