काळ्या अस्तराखाली

आमच्या घरात बाळाला उघड्यावर पाजत नसत. नुसता पदरही पुरायचा नाही. माझं बाळंतपण माहेरी झालं, म्हैसूरला मंडी मोहल्ल्यात. बाबा शिंपीकाम करायचे. त्यांच्याकडचं कोटाच्या अस्तराचं काळं कापड घेऊन आईनं गळ्यात बांधायचं पांघरूण शिवलं होतं. पाजताना ते गळ्यापासून मांडीपर्यंत सोडायचं. पिणाऱ्या बाळाकडे कुणी बघायचं नाही, आईनंसुद्धा नाही. म्हणे, आईचीच दृष्ट सगळ्यात आधी लागते.

मी वाद घातला नाही, कारण माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. महिना भरायच्या आत गेला. "दूध अंगी लागलं नाही, दृष्ट पडली कुणाची तरी," एवढंच घरात बोललं जायचं, आणि तेही आई आसपास नसताना.

आता माझी लेक वाळत चालली होती. जन्मली तेव्हापेक्षा वजन कमी भरलं. डॉक्टरीणबाईंनी कन्नडात बजावलं, पुढच्या खेपेला वाढलेलं दिसलं नाही तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. माझ्या बोंडांना चिरा पडलेल्या. ती रडायला लागली की मला धडकीच भरायची. अस्तराखाली ती चुटचुट आवाज करायची, दमून झोपायची, की लगेच भुकेनं उठायची. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. "सुम्ने, गप बस ग, हलू नको. पितेय ती."

पितेय कसली, डोंबल!

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. पोटाला पोट लागू दे. तोंड मोठं उघडलं की तिला छातीकडे आण, छाती तिच्याकडे नेऊ नकोस. हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. मला सगळं पाठ होतं. पण अंधारात सुईत दोरा ओवायला सांगितल्यासारखं होतं ते, कसं जमणार?

एका दुपारी अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "खड्ड्यात गेली ती दृष्ट!" म्हणून मी ओरडले आणि पांघरूण ओढून फेकून दिलं. आई ते उचलायला वळली, आणि तिला दिसलं. लेकीचे ओठ आत मुडपलेले, चोखताना गाल आत जात होते आणि तोंडात फक्त टोक.

"अय्यो," आई म्हणाली, "हिच्या तोंडात काहीच नाही ग."

मी करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून तिला सोडवलं. आईनं पांघरूण उचललं. वाटलं, आता पुन्हा माझ्या गळ्यात बांधणार. तिनं त्याची जाड घडी घातली आणि माझ्या कोपराखाली सारली. मग बाळाच्या पाठीला हात देऊन वाकून बघत राहिली. "थांब. अजून नको. तोंड उघडू दे... आता!"

क्षणभर दुखलं, मग दुखायचं थांबलं. चुटचुट गेली आणि घोट उतरताना ऐकू यायला लागले. खालचा ओठ बाहेर वळला होता. मी ढसाढसा रडले. दवाखान्यात ठेवायची वेळ आलीच नाही, तिचं वजन हळूहळू चढत गेलं.

पण त्या दुपारी आई रडली नाही. भिंतीकडेही वळली नाही. लेकीचा जबडा हलताना ती बघत होती, पोट भरून लेक आपणहून सुटेपर्यंत. मग तिचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली,

"तुझ्या दादाला पाजताना मी कधी बघितलंच नाही ग. माझी दृष्ट लागेल म्हणून."