सिद्धरामच्या जांघेतलं ठिगळ

सिद्धराम म्हणजे नुसता तोरा. कोल्हापुरात चपलांचं दुकान, गळ्यात लिंग, दिवसभर बिडी ओढणार आणि वर जगाला सोवळं शिकवणार. असल्या माणसाचा संसार त्याच्या बायकोनं, अक्काताईनं रेटला, तिचीच कमाल म्हणायची.

२००३ साली त्याचा उजवा पाय काळा पडायला लागला. अंगठ्याला जखम, जखमेत पू. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "जांघेतली रक्तवाहिनी चोंदलीय. ती उघडून साफ करायची आणि वर ठिगळ लावायचं. तुमच्याच पायाची शीर सगळ्यांत चांगली, पण तुमच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगून वाया गेल्यात. कृत्रिम कापड लावता येतं, पण पायात पू असताना त्यात जंतू घर करतात. त्यापेक्षा बैलाच्या हृदयावरचं पातळ आवरण शुद्ध करून मिळतं, ते लावू."

"बैलाचं? माझ्या अंगात?" सिद्धराम ताडकन उठला. हातकणंगल्याहून दवाखान्यात भेटायला आलेले पावणे समोर बसले होते की! मग काय, गड्याला चेव चढला. "पाय गेला तरी चालंल, जनावर लावून घेनार न्हाय!"

अक्काताईचं डोकंच फिरलं. जन्मभर बैलाच्या कातड्यावर पोट भरलं, आणि आता विटाळ होतो म्हणे! ती तडक मठात जाऊन स्वामींना विचारून आली. "औषधाला दोष न्हाय, आक्का. पाय वाचवा," ते म्हणाले. तिनं येऊन सांगितलं, तर हा म्हणतो, "पावण्यांम्होरं बोलून बसलोय. आता शब्द फिरवू व्हय?" घ्या! पायापेक्षा पावणे मोठे.

शेवटी कापडाचंच ठिगळ लावलं. डॉक्टर तरी किती डोकं फोडणार? थोड्याच दिवसांत जांघ सुजली, पू धरला आणि एका सकाळी रक्ताची धार लागली. सिद्धराम बेशुद्ध. सडलेलं कापड काढून जांघेत पुन्हा ठिगळ लावायचं होतं; कशाचं, ते डॉक्टरांनी अक्काताईला विचारलं. तिनं काय ते सांगितलं. जीव वाचला, पण पाय मांडीतून काढावा लागला.

पुढं तेच पावणे चपला घ्यायला दुकानात आले. कुबड्या बाजूला ठेवून सिद्धराम गल्ल्यावर बसलेला. छाती काढून म्हणाला, "पाय दिला पावणं, पन जनावर अंगाला लावून घेटलं न्हाय!"

पावण्यांनी माना डोलावल्या.

"लावलंय की," चपला पुसता पुसता अक्काताई नवऱ्याला म्हणाली. "दुसऱ्या खेपेला बैलाचंच लावलंय. मीच सांगितलं. त्येच्यावरच जगलाय तुमी. आदीच लावू दिलं असतं, तर पाय बी असता."