बंद घरातलं जातं

भूतबित मी मानत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं लाईनमन होतो. करंट तेवढा खरा, बाकी सगळ्या बाता. स्मशानातल्या खांबावर कैकदा चढलोय, कधी काही दिसलं न्हाई. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली...

मी अहमदपूरला धान्याच्या मोंढ्यामागं राहतो. घरात मी अन् टिप्या, बस्स. टिप्या म्हणजे आमच्या मंडळीचं कुत्रं. वीज कडाडली की त्याचा जीव जायचा. वादळवाऱ्यात मी कायम ड्युटीवर, मग ही काय करायची — जातं ओढत बसायची. त्या घरघरीत गडगडाट बुडायचा, अन् टिप्या तिच्या मांडीला टेकून गप पडायचा. रिकामं जातं ओढू नये म्हणून मूठभर ज्वारी टाकायची, तेवढंच.

दोन वर्षांखाली ती गेली. तेव्हापासून आभाळ गरजलं की टिप्या दारावर धडका घ्यायचा. टीव्ही मोठा केला, गोळ्या दिल्या, जातंसुद्धा ओढून बघितलं. माझ्याजवळ यायचाच न्हाई. एकदा चिडून त्याच्यावर ओरडलो, मग बसलो रडत. डॉक्टर म्हणाले, "म्हातारं झालंय ते. असंच घाबरत राहिलं तर एखाद्या दिवशी जागीच जाईल."

मागच्या मे महिन्यात डोळे दाखवायला नांदेडला गेलो. सकाळी लख्ख ऊन, म्हणून त्याला घरात ठेवून कुलूप लावलं. परतताना लोह्याजवळ अवकाळीनं गाठलं. झाड पडून एसटी दोन तास उभी, अन् अहमदपूरकडं नुसत्या विजा. गेलं आपलं लेकरू, असं धरूनच चाललो.

गल्लीत शिरलो तर शेजारच्या फातिमाभाभी दारात. "भाईसाब, पाव्हणे आले का? केवढा येळ जातं चालू होतं."

"कोन येणार भाभी? चावी माझ्या खिशात हाय."

कुलूप जसंच्या तसं. आत टिप्या जात्याजवळ चक्क घोरत पडलेला. जात्याभोवती ज्वारीचं पीठ. पिठाला हात लावला — कोमट.

मी तिथंच खाली बसलो. भीती न्हाई वाटली. राग आला, खरं सांगतो. कुत्र्यासाठी आली, अन् मी दोन वर्षं या घरात भिंतीशी बोलून राहिलो, त्याचं काही न्हाई...

नंतरच्या दोन-तीन पावसांत मुद्दाम घरी थांबलो. काही झालं न्हाई. टिप्या नुसता थरथर कापायचा, तोंडाला फेस. मग एकदा त्याला ठेवून बाहेर गेलो. तासाभरानं आलो तर शांत झोपलेला, अन् पीठ सांडलेलं. हे काय हाय, मला आजवर उमगलं न्हाई. कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

आता ढग आले की टिप्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, कुलूप लावतो अन् बसस्टँडवर जाऊन बसतो. मागच्या आठवड्यात राहवलं न्हाई, मधूनच परत आलो. खिडकीशी उभा राहिलो तर आतून घरघर ऐकू येत होती. फळी ढकलायला हात उचलला... अन् तसाच मागं फिरलो.

मी बघितलं अन् ती यायची बंद झाली, तर टिप्याचं काय?