कदमांच्या ग्रिलवरचे सात कोष

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त त्यातल्या चुका शोधायला वाचत आलो. वीज गेली तर मोबाईलचा टॉर्च का नाही लावला... असलं काहीतरी. चाकणला एका ऑटो-पार्ट्स कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी करतो. मोजून घेतल्याशिवाय ओके म्हणायचं नाही, ही तिथली सवय. भुताखेतांवर, शकुनांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. फक्त एका गोष्टीचा हिशोब लागत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही मोशीत राहतो. सोसायटीत पार्किंगच्या मागे, कंपाउंडला लागून तीन फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. सासूबाई गेल्यावर माझे सासरे, आबा, खेडजवळचं गाव सोडून आमच्याकडे आले. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरचे ट्रक बघायचे. बोलणं जवळजवळ बंद. मग मी त्या पट्टीत झाडं लावली — कढीपत्ता आणि लिंबू अळ्यांना खायला, घाणेरी आणि सदाफुली फुलपाखरांना मधासाठी. फुलपाखरं हवी असतील तर आधी अळ्या चालवून घ्याव्या लागतात. सोसायटीला हे पटवणं अवघड गेलं. आबांना मात्र लगेच पटलं. रोज सकाळी काठी टेकत खाली उतरायला लागले.

"ह्यो बगा पाव्हणं, आज लई पाला खाल्लाय. रातपाळी केली जणू."

आमचे चेअरमन कदम तळमजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या बाजूला राहतात. एकदा त्यांच्या मिसेसच्या स्कूटरच्या सीटवर अळी निघाली, आणि विषय पेटला.

"देशमाने, तुम्ही बाग केलीय की अळ्यांचं वसतिगृह?"

"कदमसाहेब, त्या चावत नाहीत."

"मलाही चावत नाहीत. पण मिसेस मला चावते, त्याचं काय?"

नोटीस लागली. सोमवारी फवारणी, त्यानंतर झाडं काढून तिथे दुचाकी पार्किंग. आबांनी नोटीस वाचून घेतली आणि म्हणाले, "मंग म्या जातो गावाला. हितं अळीला बी मेंबर व्हावं लागतं." मला वाटलं, गंमत करताहेत. पण संध्याकाळी ते धोतरं घड्या घालून पिशवीत भरत होते. माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "तिथे कुलूपबंद घरात एकटे काय करतील हो?"

तोवर सगळ्या अळ्यांचे कोष झाले होते. लिंबाळी फुलपाखराचे सात. हा कोष शेपटीकडे रेशमाच्या गादीला चिकटलेला असतो आणि कमरेभोवती एक रेशमी धागा असतो, खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या पट्ट्यासारखा. तो धागा अळी असतानाच विणून होतो. कोष झाल्यावर त्याला ना पाय, ना विणायला तोंड. मी सवयीने, कंपनीत तपासलेल्या पार्टवर देतो तसा, प्रत्येक कोषावर पेंट मार्करचा बारीक पिवळा ठिपका दिला होता. सुनंदा म्हणाली होती, "अहो, ते काय डिस्पॅचला जाणार आहेत?"

शनिवारी गावाला भाचीचा साखरपुडा होता. रविवारी परत येऊन कोषांच्या फांद्या कापून घरात आणायच्या, असं ठरवून आम्ही तिघंही गेलो. रविवारी सकाळी परतताना चाकणच्या चौकात गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस. तेवढ्यात ग्रुपवर कदमांचा मेसेज — फवारणीवाल्याला उद्या जमत नाही, आत्ताच येतोय. मी फोन लावला.

"दोन तास थांबवा त्याला, साहेब."

"अहो, पंप भरून उभा आहे तो."

मी फोन ठेवला. मागच्या सीटवर आबा दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. रस्त्यात बसलेल्या गुरांना उठवावं, तशा आवाजात पुटपुटले, "हला रं तितनं. हला."

पोहोचलो तेव्हा पट्टीला औषधाचा वास होता आणि पानं ओली. झाडांवर एकही कोष नव्हता. खालीही पडलेला नव्हता. फांद्यांवर सातही धागे मात्र जागेवर होते — न तुटलेले, रिकामे.

तेवढ्यात पलीकडून कदमांची हाक आली. "देशमाने, हे काय लटकवलंय आमच्या ग्रिलला?"

सात कोष. हिरवे, सातांवरही पिवळा ठिपका. मी भिंग आणून पाहिलं. लोखंडाला रेशमाची गादी, कमरेला नवा अखंड धागा. कुठेही गोंद नाही, गाठ नाही. फवारणीवाला म्हणाला, "साहेब, मी मारलं तेव्हा झाडावर काय नव्हतं." पार्किंगचा कॅमेरा तपासला, आम्ही निघाल्यापासून फवारणीपर्यंत त्या पट्टीकडे कुणी फिरकलेलं नाही. कदमांवर संशय घ्यावा, तर तो माणूस अळीचा फोटोसुद्धा झूम करत नाही.

औषधाच्या वासामुळे कोष तिथेच राहू दिले. चार-पाच दिवसांत एकेक फुलपाखरू बाहेर पडलं. कदम लुंगीवर, हातात मोबाईल घेऊन, श्वास रोखून उभे. मिसेसना दटावत होते, "कुकरची शिट्टी होऊ देऊ नकोस, घाबरेल ते." सगळे व्हिडिओ ग्रुपवर आले, 'आमच्या ग्रिलवर जन्मलेली' अशा मथळ्यासह. पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा ठराव त्यांनीच मागे घेतला.

फुलपाखरांचे अभ्यासक, रसायनवाले, कंपनीतले इंजिनिअर... सगळ्यांना विचारून झालं. प्रत्येकाने कोष कसे नेले असतील हे सांगितलं. धागे कुणी विणले असं विचारलं, की गाडी परत कोष कसे नेले यावरच यायची.

शेवटी आबांना विचारलं. ते पट्टीत बसून लिंबाच्या बुडाशी माती ओढत होते.

"आबा, त्या दिवशी गाडीत तुम्ही 'हला' म्हणालात..."

"व्हय. म्हणलो."

"मग ते हलले कसे?"

"ते त्यांस्नी इचारा." त्यांनी हाताची माती झटकली. "पाव्हणं, वर जाताय न्हवं? माझ्या पिशवीतली धोतरं काढून कपाटात ठेवा. ती पिशवी लागंल, नर्सरीतनं रोपं आणाया."