बाटलीतली लाळ

माझे सासरे फौजेतून सुभेदार होऊन साताऱ्याला परतलेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. सत्तरच्या दशकात त्यांच्या गळ्याला गाठ आली. मिरजेला नेऊन लाईट दिली, म्हणजे किरणांचा उपचार केला, तशी गाठ विरघळली. पण तोंडातली लाळही आटली.

भाकरीचा तुकडा तोंडात नुसताच फिरत राहायचा. घासाघासाला पाणी पिऊन अर्ध्या भाकरीतच पोट डब्ब व्हायचं. एकदा बिस्कीट टाळूला असं चिकटलं, की सासूबाईंनी ते चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढलं. शेवटी डॉक्टरांनी एक बाटली दिली. जेवताना मधूनमधून घोटभर तोंडात घोळवायची. आत होती बनवलेली लाळ.

सासूबाईंनी बाटली उजेडात धरली. "कुनाची हाय?"

"कुनाची न्हाई. दवाखान्यात बनवत्यात," मामंजी म्हणाले.

"म्हंजी कुनीतरी थुकत आसंलच की."

बुळबुळीत पूड पाण्यात कालवून करतात, हे मी त्यांना दोनदा समजावलं. तरी त्या ती बाटली देवघरापासून लांबच ठेवायच्या.

त्याच सुमारास नणंदेला बघायला इस्लामपूरची मंडळी आली. त्यांनी वाचू नये म्हणून सासूबाईंनी बाटलीवरचा कागद खरवडून टाकला. पोहे आले. कोरडे पोहे म्हणजे मामंजींना भुसाच. त्यांनी बाटली काढली, एक घोट घेतला आणि मग घास घेतला.

मुलाचे वडील बघत होते. रिटायर सुभेदार, बिनानावाची बाटली. ते हळूच जवळ सरकले. "सुभेदार, एकटंच व्हय?"

"डॉक्टरनं दिलीया."

"आमालाबी डॉक्टरनंच सांगितलीया," म्हणत त्यांनी पाण्याचा पेला रिकामा करून पुढं केला. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? मामंजींनी ओतली. मी चहा घेऊन दारातच थबकले. पाहुण्यांनी एका दमात पेला तोंडात रिता केला, पण ते काही एका दमात खाली उतरेना.

"लय घट्ट हाय. कसली म्हनायची?"

"लाळ."

नवऱ्यामुलानं बशी खाली ठेवली. मामंजींना सगळं समजावून सांगायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटलेली. म्हणून आधी त्यांनीच एक घोट घेतला. तोवर पाहुणे परसात जाऊन चुळा भरत होते. परत आले आणि कोरड्या आवाजात विचारलं, "कुनाची?"

"कुनाची न्हाई," सासूबाई आतून ठणकावून म्हणाल्या. "पूड कालवून करत्यात. येवढं बी ठावं न्हाई व्हय?"

आधी पाहुणेच हसले, मग सगळे. नवरामुलगा तर ठसका लागेस्तोवर हसला, आणि पडद्याआडून नणंदेचं हसू त्याला ऐकू गेलं. मला वाटतं, पसंती तिथंच झाली.

पाहुण्यांनी मग मामंजींच्या पोह्यांवर गरम दूध ओतायला लावलं. त्यांची म्हातारी आई असंच खायची म्हणे. मामंजींनी पोहे भिजू दिले, एक घास गिळला, दुसरा गिळला आणि बशी पुन्हा भरायला माझ्यापुढं केली.