विजयाची वार्ता

प्राचीन राज्यांचा इतिहास खऱ्या अर्थाने समजलेला एकच माणूस मला भेटला. तो पिस्कॅटवेत राहत असे आणि भिंतीवर लावलेला रंग किती वेळात वाळतो, हे बघण्याची नोकरी करत असे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. समोरचा रंग वाळेपर्यंत ते इतिहास वाचत, आणि त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता. जुने राजे लढाई बघून तह करत नसत, लढाईची बातमी ऐकून करत. ज्याचा जासूद आधी पोचला, त्याच्याकडे शेजारची राज्यं नजराणे आणि मुली पाठवून मोकळी होत. खरोखर कोण जिंकलं, ते मग सवडीने कळे.

काका हे जगतही असत. कुणाचं ग्रीन कार्ड मंजूर होणार अशी कुणकुण लागली, की पाकीट येण्याआधी काका पेढे घेऊन दारात उभे. एकदा माझ्या मुलाच्या शाळेतल्या स्पर्धेनंतर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मुलगा म्हणाला, "काका, आय केम थर्ड."

"ते तुला माहीत. शेजाऱ्यांना कुठे माहितीय?"

अशा माणसाला मी माझ्या निवडणुकीचा प्रधान नेमलं. हार, शाली, खुर्च्या यांची मी जन्मभर टिंगल केलेली. पण शहाऐंशी साली आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद आणि त्याबरोबर येणारा गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान मला इतका हवासा वाटला, की मी आरशासमोर नम्र दिसण्याची तालीम करत होतो. विरोधात एक अबोल डेंटिस्ट होता.

मतदान रविवारी, शाळेच्या कॅफेटेरियात, पाचपर्यंत. बाहेर बर्फ. काका सकाळपासून आमच्या फोनवर बसले आणि गावोगाव कळवत सुटले, "आपला माणूस आला निवडून!"

"काका, मतदान तरी संपलंय का?" बायकोने विचारलं.

"तो तपशील आहे, सूनबाई. तू चहा टाक."

दुपारपर्यंत घर भरलं. कुणी श्रीखंड आणलं, कुणी सुरळीच्या वड्या. एक मावशी म्हणाल्या, "तुम्ही आलातच निवडून, मग म्हटलं बर्फात शाळेपर्यंत कशाला ड्राइव्ह करा? सरळ इकडेच आलो." मी नम्र हसलो. तालीम झालीच होती.

चारला मी आणि काका मत द्यायला गेलो. कॅफेटेरियात तो डेंटिस्ट कोपऱ्यात एकटाच कागदी कपातली कॉफी पीत उभा होता. काका माझ्या कानाशी लागले, "विजेत्याने पराभूताला अभय द्यायचं असतं." मला भरून आलं.

सहाला निकालाचा फोन आला. डेंटिस्ट निवडून आला होता. पाहुणे थोडा वेळ चुळबुळले, मग उरलेलं श्रीखंड उचलून त्याच्याकडे गेले.

"बघितलंस?" काका उजळून म्हणाले. "सिद्धांत तंतोतंत!" मग बाह्या सरसावून, चाळीसेक कप उरलेल्या आमच्या सिंककडे वळले. बातमी ऐकूनही तह न मोडलेलं तेवढं एकच राज्य त्या संध्याकाळी आमच्या घरात होतं.

पुढे काका मुलीकडे बेलव्ह्यूला गेले. आता आमच्याकडे कुठलीही आनंदाची बातमी ती घडल्यानंतरच येते, आणि थोडी शिळी लागते.

मी एका मताने हरलो होतो. माझं मत मी डेंटिस्टला दिलं होतं.