नॉर्मलताईंचं रक्त

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नॉर्मलताई म्हणत आणि ताईंना ते नाव मनापासून आवडे. रुग्णाचं रक्त तपासायचं तर शेजारी निरोगी माणसाचं रक्तही लावावं लागतं. त्याशिवाय बिघाड ओळखणार कसा? मग हे निरोगी रक्त आणायचं कुठून? इथला रिवाज सोपा होता. बाही वर करायची आणि आपलंच द्यायचं. इतरांना कधी सर्दी असे, कधी कसली गोळी चालू असे, तर कुणाला सुई बघूनच घाम फुटे. ताईंना यातलं काही होत नसे. त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांच्याच नळीवर ‘नॉर्मल’ अशी चिठ्ठी लागत आली होती.

“आमच्या सूनबाईंच्या वाटेला ताप जातच नाही. घाबरतो,” असं सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत.

ताईंनी हौसेनं एक चाचणी बसवली होती. सांधेदुखीचा एक प्रकार असा असतो, की ज्या पांढऱ्या पेशींनी जंतूंशी लढायचं, त्या आपल्याच सांध्यांवर उठतात. सांधे सुजेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. ताईंचं म्हणणं, सूज येण्याआधीच या पेशी पकडता येतील. रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, त्यांच्यापुढे सांध्यातलं प्रथिन ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी यंत्रातून बघायचं, चवताळल्या की गप्प राहिल्या. रुग्णांच्या पेशी चवताळत, ताईंच्या ढिम्म बसत. सुरुवातीला सारं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं.

मग कुठे माशी शिंकली कोण जाणे! ‘नॉर्मल’ नळीतल्या पेशीही उसळ्या मारू लागल्या.

“निरोगी आणि आजारी, दोन्ही सारखेच दिसायला लागले तर ती चाचणी कसली?” विभागप्रमुख सर म्हणाले. माणूस भला, पण आशेवर दिवस काढणारा नव्हे. “आढावा बैठकीपर्यंत बघा ताई. नाहीतर हे बंद करू आणि दुसरं काही हाती घेऊ.”

बंद! ताईंनी पदर खोचला आणि शोध सुरू केला. नवं प्रथिन मागवलं, पेशी उबेत ठेवायची पेटी स्वतः घासून पुसून काढली, पाणीसुद्धा बदललं. यंत्राच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडून सगळीकडे टॉर्च मारला आणि म्हणाला, “यंत्र ठणठणीत आहे हो. तुमचंच काय ते बघा.”

“आमचं काय बघायचंय? आम्ही काय आज आलोय?” ताई फणकारल्या.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. चहा आला तरी आधी वास घेणार, मग पिणार. तो बरेच दिवस काहीतरी ओठांवर आणून गिळत होता. शेवटी त्यानं स्टूल जवळ ओढलं.

“ताई, एक शंका आहे. रागावू नका.”

“तू शंका काढणं थांबवलंस तर रागावेन. बोल.”

“आपण सगळं बदललं, पण रक्त नाही बदललं.”

ताईंचा हात थांबला. “माझ्या रक्तात खोट काढतोयस?”

“खोट नाही हो... शंका.”

“अरे, अख्खी प्रयोगशाळा माझ्या रक्तावर उभी आहे!”

“म्हणूनच म्हटलं, रागावू नका.”

ताई रागावल्याच. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण संशोधन करणाऱ्या माणसाच्या डोक्यात शंका शिरली, की ती भाडेकरूसारखी ठाण मांडून बसते. दुपारी त्या आपण होऊन उठल्या आणि गोठवण्याच्या टाकीतून आपल्याच जुन्या पेशींची कुपी काढली. चाचणी नवी होती तेव्हा त्यांनीच ती जपून ठेवली होती. शिवाय स्वतःचं ताजं, शंकासुराचं, सरांच्या सेक्रेटरीबाईंचं आणि खुद्द सरांचंही रक्त घेतलं. सरांनी मान खिडकीकडे फिरवून हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ताई आणि शंकासुर यंत्राच्या पडद्यासमोर बसले. सरांच्या पेशी गप्प. सेक्रेटरीबाईंच्या गप्प. शंकासुराच्या गप्प. ताईंच्या जुन्या पेशी गप्प. आणि कालच काढलेल्या रक्तातल्या ताईंच्या पेशी मात्र एखादं भांडण लागल्यासारख्या चवताळलेल्या.

ताईंनी आपली मूठ मिटून उघडून पाहिली.

“सकाळी बोटं आखडतात माझी,” ताई हळूच म्हणाल्या. “नळ फिरवताना त्रास होतो. मला वाटलं, थेंब सोडायची पिपेट दाबून दाबून होतंय. आपल्यात कुणाचा अंगठा दुखत नाही?”

“माझा दुखतो,” शंकासुर म्हणाला आणि आपल्या अंगठ्याकडे संशयानं बघू लागला.

खालच्या मजल्यावर सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. रुग्णांचं रक्त तिथूनच वर येई. त्यांनी ताईंचं एकेक बोट दाबून पाहिलं, इतर तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, “आहे. पण अगदी अंकुर आहे. तुम्ही आणखी वर्षभर पिपेटलाच दोष दिला असतात तर अवघड होतं. आता गोळ्यांनी आटोक्यात राहील.”

ताई घरी आल्या त्या जिना चढतानाच हसत होत्या.

“चाचणी चालते!” त्यांनी दारातूनच सांगितलं. “मला सांधेदुखी आहे!”

नवऱ्याचा चष्मा नाकावर घसरला. “आधी नक्की ठरव, मी पेढे आणू की रडू?”

“इतकी वर्षं मी गुडघे धरून बसले,” सासूबाई आतून म्हणाल्या, “तेव्हा म्हणायचीस, वय झालं आई. आता तुझं काय झालं?”

“माझं आधी कळलं, आई. तेवढंच झालं,” ताई म्हणाल्या. मग मात्र त्या खुर्चीत बसल्या आणि थोडा वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. नवऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला.

बैठकीत ताईंनी काहीच झाकलं नाही. चूक आमचीच होती, त्या म्हणाल्या. एकाच माणसाला कायमचं निरोगी धरून बसलो. पुढे शंकासुर उठला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यानं बजावलं. सर हसले. “म्हणून तर पुढे चालू ठेवायचं. पण यापुढे निरोगी माणसं बरीच घ्यायची आणि त्यांनाही अधूनमधून तपासायचं. आणि ताई, तुमचं रक्त आता रुग्णांच्या बाजूला.”

पुढच्या तपासणीला ताई दवाखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. आजवर त्या इथून फक्त नळ्यांची पेटी घेऊन जात. शेजारच्या आजींनी त्यांना ओळखलं आणि सरकून जागा केली.

“या. आता आमच्यात का?”

“हो ना.”

“बरं झालं. म्हणजे तुम्हाला आजार झाला ते नाही हो, गप्पांना माणूस मिळालं ते. सकाळी उठल्याबरोबर बोटं कोमट पाण्यात बुडवता का?”

“नाही. त्यानं फरक पडतो?”

“पडतो म्हणजे! इतकं शिकलात आणि हे कुणी सांगितलं नाही?”

ताई आजींकडे पूर्ण वळून बसल्या. “किती वेळ बुडवायची?” त्यांनी विचारलं.